परदेशी शिक्षण आणि करसवलत : तंजावरच्या पालकाच्या हाती काय उरते?

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आणि १९६१ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट नव्या कायद्यातही कायम ठेवण्यात आली आहे. त्याआधी, १ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात, शिक्षणासाठी परदेशी पाठवल्या जाणाऱ्या रकमेवर गोळा होणारा कर पाच टक्क्यांवरून दोन टक्के करण्याचे अर्थमंत्र्यांनी जाहीर केले होते. वरवर पाहता दोन्ही गोष्टी पालकांना दिलासा देणाऱ्या आहेत. मात्र कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरसारख्या जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहिला, तर निराळेच चित्र समोर येते. वजावट कायद्यात आहे, पण ती घेणे परवडेल अशी कुटुंबे फारच थोडी उरली आहेत.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले. आजही तंजावर, कुंभकोणम आणि चेन्नईतील अनेक घरांत तंजावरी वळणाची मराठी बोलली जाते. याच जिल्ह्यात अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांतील पदवीधर घडवणारे शास्त्र विद्यापीठ आहे. भातशेतीवर आणि नोकरीवर जगणाऱ्या येथील मध्यमवर्गाला मुलांचे परदेशी शिक्षण हे आता अप्राप्य स्वप्न वाटत नाही. त्यासाठी पैसा कोठून उभा करायचा, हा मात्र प्रत्येक घरातला प्रश्न आहे.

जुनी उदाहरणे काय सांगतात?

या जिल्ह्यातून परदेशी विद्यापीठात गेलेला सर्वांत विख्यात विद्यार्थी म्हणजे कुंभकोणमचे श्रीनिवास रामानुजन. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले, तेव्हा मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्याच सुमाराचे दुसरे उदाहरण बडोद्याचे आहे. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरी मराठी घराण्यातील राजा सर टी. माधवराव १८७५ ते १८८२ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. तरुण सयाजीराव गायकवाडांना राज्यकारभाराचे धडे देणाऱ्यांत ते प्रमुख होते. पुढे त्याच सयाजीरावांच्या संस्थानाने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी तिची अट होती.

या दोन्ही उदाहरणांत मदत थेट विद्यार्थ्याच्या हाती पडली. त्याच्या वडिलांचे उत्पन्न किती, ते कर भरतात की नाही, हा प्रश्नच उद्भवला नाही. करसवलतीचे तत्त्व याच्या उलट आहे. जो कर भरतो त्यालाच ती मिळते आणि जो अधिक दराने कर भरतो त्याला अधिक मिळते. आजच्या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागेल.

वजावट कशावर, कोणाला?

भारतात परदेशी शिक्षणाच्या शुल्कावर करसवलत नाही. मुलांच्या शिक्षणशुल्कावर मिळणारी दीड लाख रुपयांच्या मर्यादेतील वजावट केवळ भारतातील शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांना लागू आहे. मुलगी तंजावरच्या महाविद्यालयात शिकत असेल तर वडिलांना ही वजावट मागता येते. तीच मुलगी मेलबर्न किंवा म्युनिकला गेली तर येत नाही.

परदेशी शिक्षणाला लागू होणारी वजावट एकच, ती म्हणजे कर्जावरील व्याजाची. जुन्या कायद्यात ती ८०ई या कलमाने ओळखली जात असे. सुरुवातीला मुद्दल आणि व्याज दोन्हींवर, पण ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत मिळत असे. २००५ च्या वित्त कायद्याने मुद्दल वगळले आणि व्याजावरील मर्यादा काढून टाकली. २००७ मध्ये पती, पत्नी व मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा समावेश झाला. २००९ मध्ये बारावीनंतरच्या सर्व अभ्यासक्रमांना ती खुली करण्यात आली. अभ्यासक्रम देशातला असावा, अशी अट या कलमात कधीच नव्हती. म्हणूनच परदेशी जाणाऱ्यांना तिचा आधार वाटत आला.

अटी मात्र बारकाईने वाचाव्या लागतात. कर्ज बँकेचे, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. नातेवाइकांकडून व्याजाने घेतलेले पैसे किंवा परदेशी कर्जसंस्थेकडून परस्पर घेतलेले कर्ज यात बसत नाही. व्याज त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेले असावे लागते, खात्यावर नुसते साठलेले व्याज चालत नाही. शिवाय ते करपात्र उत्पन्नातूनच भरलेले असावे लागते. ज्या वर्षी व्याज भरण्यास सुरुवात होते ते वर्ष आणि पुढील सात वर्षे, अशी जास्तीत जास्त आठ वर्षे ही वजावट मिळते. पंधरा वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले, तर उरलेल्या सात वर्षांच्या व्याजावर काहीच मिळत नाही.

आणखी एक बाब अनेक कुटुंबांच्या लक्षात उशिरा येते. मुलगा शिक्षण संपवून अमेरिकेत नोकरीला लागला आणि तेथील पगारातून हप्ते भरू लागला, तर भारतात त्याचे करपात्र उत्पन्नच नसल्याने वजावट कोणाच्याही उपयोगी पडत नाही. वडिलांनी ती घ्यायची असेल तर कर्ज त्यांच्याही नावावर असावे लागते आणि व्याज त्यांनी आपल्या उत्पन्नातून भरावे लागते.

नव्या करप्रणालीने बदललेला हिशेब

या सर्व अटी पूर्ण केल्या, तरी खरा अडथळा पुढेच आहे. २०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मूळ प्रणाली ठरली. जुनी हवी असेल तर ती स्वतंत्रपणे निवडावी लागते. नव्या प्रणालीत करांचे दर कमी आहेत, पण बहुतेक वजावटी नाहीत आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावटही नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. नोकरदारांसाठी प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाख होते. या निर्णयाचे मध्यमवर्गाने स्वागत केले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच निर्णयाने शैक्षणिक कर्जावरील वजावट बहुसंख्य नोकरदारांसाठी निरर्थक करून टाकली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कुंभकोणममधील एका शिक्षकाचा वार्षिक पगार बारा लाख रुपये आहे. मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी त्यांनी चाळीस लाखांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले आहे आणि वर्षाला चार लाख रुपये व्याज भरत आहेत. जुन्या प्रणालीत पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, बचतीची दीड लाखाची वजावट आणि चार लाखांचे व्याज वजा करून सहा लाख रुपये करपात्र उरतात. त्यावर उपकरासह ३३,८०० रुपये कर होतो. नव्या प्रणालीत त्यांचा कर शून्य आहे. अर्थात ते नवीच प्रणाली निवडतील आणि भरलेल्या चार लाखांच्या व्याजाचा त्यांच्या करावर काडीचाही परिणाम होणार नाही. कर्ज नसलेला त्यांचा शेजारीही शून्यच कर भरेल.

पगार वीस लाख असता तर? जुन्या प्रणालीत त्याच सर्व वजावटींनंतर चौदा लाख करपात्र उरतात आणि कर २,४१,८०० रुपये होतो. नव्या प्रणालीत तो १,९२,४०० रुपये आहे. चार लाखांच्या व्याजाची पूर्ण वजावट घेऊनही जुनी प्रणाली सुमारे पन्नास हजारांनी महाग पडते. ती फायद्याची ठरण्यासाठी या पगारावर आणखी सुमारे १ लाख ५८ हजार रुपयांच्या वजावटी लागतील. म्हणजे गृहकर्जाचे व्याज किंवा घरभाडे भत्त्यासारखी दुसरी मोठी बाब हाताशी हवी.

याचा अर्थ उघड आहे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील वजावट आज मुख्यतः उच्च उत्पन्नाच्या आणि त्यातही इतर मोठ्या वजावटी असलेल्या कुटुंबांपुरती उरली आहे. ज्याला कर्जाचा भार सर्वाधिक जाणवतो, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

भातशेतीचा पैसा आणि टीसीएस

तंजावरला तमिळनाडूचे भातकोठार म्हणतात. येथील अनेक घरांचे उत्पन्न पूर्णतः किंवा अंशतः शेतीचे आहे. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. त्यामुळे ज्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, अशा शेतकऱ्याला व्याजाच्या वजावटीचा काहीही उपयोग नाही. जेथे करच नाही, तेथे वजा कशातून करणार?

पिकांचे वेळापत्रक आणि विद्यापीठांचे वेळापत्रकही जुळत नाही. कावेरीचे पाणी वेळेवर सुटले तर कुरुवै हंगामाचे भात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हाती येते. मोठे सांबा पीक जानेवारी-फेब्रुवारीत येते. परदेशी विद्यापीठांच्या पहिल्या सत्राचे शुल्क मात्र जुलै-ऑगस्टमध्ये भरायचे असते. अशा वेळी घरातील दागिने तारण ठेवणे हा जवळचा मार्ग असतो. सोनेतारण कर्ज तातडीने मिळते, पण कागदोपत्री त्याचा हेतू उच्च शिक्षण असा नोंदलेला नसेल, तर पुढे व्याजाची वजावट मागताना ते शैक्षणिक कर्ज होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

याच कुटुंबाला करव्यवस्था दुसऱ्या बाजूने गाठते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. १ ऑक्टोबर २०२० पासून अशा रकमेवर बँका टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, घेऊ लागल्या. त्यासाठीची मर्यादा आधी वर्षाला सात लाख रुपये होती. १ एप्रिल २०२५ पासून ती दहा लाख झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवरील टीसीएस पूर्णपणे रद्द झाला. स्वतःच्या पैशांतून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर, दहा लाखांच्या वर, पाच टक्के दर होता. तोच आता दोन टक्क्यांवर आला आहे.

शेत विकून किंवा साठवलेल्या पैशांतून एका वर्षात तीस लाख रुपये पाठवणाऱ्या पालकाकडून आधीच्या दराने एक लाख रुपये टीसीएस गोळा झाला असता. नव्या दराने तो चाळीस हजार होतो. हा फरक लहान नाही आणि त्याचे श्रेय सरकारला द्यायला हवे.

टीसीएस हा अखेरचा कर नव्हे. विवरणपत्र भरल्यावर तो देय करातून वळता होतो आणि देय कर नसेल तर परत मिळतो. ज्यांना परदेशात टॅक्स क्रेडिट म्हणतात, त्या अर्थाने भारतातील पालकाच्या खात्यावर जमा दिसणारी ही एकमेव रक्कम आहे. पण ही जमा त्याच्याच पैशांची आहे. नोकरदाराला ऑक्टोबर २०२४ पासून हा टीसीएस मालकाला कळवून पगारातून कापल्या जाणाऱ्या करात वळता करून घेता येतो. शेतकऱ्याला तसा मार्ग नाही. त्याला एरवी भरावे लागले नसते ते विवरणपत्र केवळ परताव्यासाठी भरावे लागते. शेती उत्पन्न पाच हजार रुपयांहून अधिक असेल तर सर्वांत सोपा नमुनाही त्याला चालत नाही. परतावा येईपर्यंत रक्कम अडकून राहते आणि त्या काळात तारण दागिन्यांवरील व्याज चालूच असते.

इतर देशांत काय आहे?

अमेरिकेत शिक्षणखर्चावर थेट करातून सूट मिळते. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी असलेल्या सवलतीत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत कर कमी होतो. त्यातील ४० टक्के, म्हणजे १,००० डॉलरपर्यंतची रक्कम, कर देय नसला तरी रोख परत मिळू शकते. दुसरी सवलत २,००० डॉलरपर्यंतची आहे, पण ती परतावा म्हणून मिळत नाही. दोन्हींसाठी उत्पन्नाची कमाल मर्यादा आहे, म्हणजे अतिश्रीमंतांना त्या मिळत नाहीत.

या सवलती अमेरिकेबाहेरील विद्यापीठांनाही लागू होऊ शकतात, पण एका अटीवर. ते विद्यापीठ अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या विद्यार्थी साहाय्य योजनेत सहभागी होण्यास पात्र असावे लागते. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या तंजावरी मराठी कुटुंबाने मुलीला ब्रिटन, कॅनडा किंवा भारतात शिकण्यास पाठवले, तर शुल्क भरण्यापूर्वी ते विद्यापीठ यादीत आहे की नाही हे तपासणे हिताचे आहे. यादीत नसलेल्या संस्थेचे शुल्क कितीही असले, तरी सूट नाही.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्यांना मात्र या सवलतींची आशा धरता येत नाही. पहिली पाच कॅलेंडर वर्षे ते तेथील कायद्याने सामान्यतः अनिवासी मानले जातात आणि अनिवासींना शिक्षणाची करसूट मिळत नाही. भारत-अमेरिका करकरारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना एक निराळा लाभ मात्र मिळतो. अनिवासी असूनही त्यांना तेथील प्रमाणित वजावट घेता येते. विद्यापीठात सहायक म्हणून थोडेफार कमावणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा चांगला उपयोग होतो.

कॅनडाची पद्धत अधिक उदार म्हणावी लागेल. तेथील करदाता परदेशी विद्यापीठात पूर्णवेळ, पदवी मिळवून देणारा आणि किमान सलग तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम करत असेल, तर विद्यापीठाच्या प्रमाणपत्राच्या आधारे त्या शुल्कावर करसूट मागता येते. सरकारने ठरवलेल्या दराने ती मिळते. त्यामुळे शंभर डॉलरच्या शुल्कावरील सूट श्रीमंताला आणि मध्यमवर्गीयाला सारखीच असते.

सवलत द्यावी तरी का?

परदेशी शिक्षणाला सरकारी तिजोरीतून साहाय्य कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो आणि तो गैरवाजवी नाही. पैसा परदेशी विद्यापीठांकडे जातो, अनेक विद्यार्थी परत येत नाहीत आणि देशातील सरकारी महाविद्यालयांना निधी अपुरा पडतो. नव्या करप्रणालीमागील भूमिकाही समजून घेण्यासारखी आहे. वजावटींचे जंजाळ कमी करून सर्वांना कमी दर द्यावेत, म्हणजे कायदा सोपा होतो आणि प्रामाणिक करदात्याला सल्लागारामागे धावावे लागत नाही, असा तो विचार आहे.

मात्र हा विचार पूर्णपणे स्वीकारायचा असेल, तर वजावट नावापुरती पुस्तकात ठेवण्यात काय हशील? कर्ज घेताना पालक ती गृहीत धरतात. वर्षअखेरीस हिशेब मांडल्यावर ती उपयोगाची नाही हे त्यांना कळते. उलट, मध्यमवर्गाला मदत करायची असे सरकारने ठरवले, तर मार्ग उपलब्ध आहेत. व्याजाची वजावट वाजवी मर्यादा घालून नव्या प्रणालीत आणता येईल. त्याहून न्याय्य मार्ग म्हणजे व्याजाच्या ठरावीक टक्क्यांइतकी थेट करसूट देणे, जी उत्पन्न वाढेल तशी वाढणार नाही. आणि ज्यांचा कर शून्य आहे असे शेतकरी पालक विहित घोषणापत्र देतील, तर त्यांच्याकडून टीसीएस घेऊच नये, अशी सोयही करता येण्यासारखी आहे.

सर्वांत खालच्या स्तरातील विद्यार्थ्यांपर्यंत मात्र कोणतीही करसवलत पोहोचणार नाही. त्यांच्यासाठी सयाजीरावांचाच मार्ग उरतो, तो म्हणजे थेट शिष्यवृत्ती. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या त्याच वाटेवरच्या योजना आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावर व्याज अनुदान देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना मात्र २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. करसवलत शाबूत राहिली आणि अनुदान गेले. या दोहोंपैकी गरिबाला कशाचा आधार होता, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पालकांनी आज काय करावे?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी पालकांच्या हाती आहेत. कर्ज घेताना ते शिक्षणासाठीच असल्याची स्पष्ट नोंद करून घ्यावी. ज्याचे करपात्र उत्पन्न अधिक आहे, त्या पालकाचे नाव कर्जदारांत असावे. पहिले व्याज कोणत्या वर्षी भरायचे याचा विचार आधी करावा, कारण आठ वर्षांची मुदत तेथून सुरू होते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला दरवर्षी मुदतीत विवरणपत्र भरताना जुन्या आणि नव्या प्रणालींतून निवड करता येते. ही निवड सवयीने न करता दोन्ही हिशेब मांडून करावी. ज्यांचा टीसीएस कापला गेला आहे, त्यांनी उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्र भरून परतावा मागावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कर्ज किती घ्यायचे हे ठरवताना करसवलत हिशेबात धरू नये. तंजावरच्या शिक्षकाच्या आणि शेतकऱ्याच्या बाबतीत ती आज शून्य आहे. ती कागदावर शिल्लक आहे म्हणून मोठ्या कर्जाला होकार देणे, ही चूक त्यांना पंधरा वर्षे फेडावी लागेल.